आसडी

घंटागाडी आली नाही, हा आठवा दिवस.
नळही आला नाही, पण त्याची सवय आहे.

फाटकाबाहेर, लिंबाखाली आमचा डबा.
निळा ड्रम, अर्ध्यात कापलेला.
झाकण म्हणून शहाबादी फरशीचा तुकडा,
तो मीच कधीतरी सरकवला
आणि तसाच राहिला.

ही हिंगोलीला, धाकटीच्या बाळंतपणाला.
जाताना तिनं सगळं सांगून ठेवलं होतं,
विरजण कधी, मोटर कधी, इन्व्हर्टरचं पाणी कुठलं.
डब्याचं काही सांगितलं नव्हतं.
डबा हा आमच्या घरात
सांगायचा विषयच नव्हता कधी.

दुपारी फरशी उचलली.
शिजत आलेल्या भातासारखं काहीतरी
कडेकडेनं वर येत होतं,
खाली विस्तव नसताना.
आंब्याच्या कोया, रविवारच्या मटणाची हाडं,
आणि गाठ न मारलेली पिशवी.
मी दोन पावलं मागं सरलो.

मी, म्हणजे एकतीस वर्षं
जिंतूरच्या जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक.
बैलाचा खांदा, म्हशीचं खूर,
शिंग मोडलेल्या गायीचं कपाळ,
आसडी पडली की डॉक्टर मलाच हाक मारायचे.
टर्पेंटाइनचा बोळा, चिमटा, जर्मनची वाटी.
मी मोजायचोसुद्धा. एकदा एकशे बारा निघाले.
धनी तोंड फिरवून उभा राहायचा,
जनावर मात्र माझ्याकडं बघत राहायचं.
जेवताना हाताला वास यायचा
आणि मी जेवायचो.

इथं तर जखमच नाही कुणाला.
बघणारं जनावर नाही.
तेच किडे,
आणि माझ्या पोटात ढवळतंय.

फोन लावला.
पलीकडं दहा दिवसांचं लेकरू बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.
“उकळतं पाणी ओता,” ती म्हणाली,
“मूठभर मीठ, मग चुना,
मग उन्हात पालथा घाला दिवसभर.
तुम्हाला काय वाटलं, डबा आपोआप राहतो नीट?”
मला काही वाटलंच नव्हतं.
हे मी बोललो नाही.

टाकीत दीड हात पाणी.
एक पातेलं म्हणजे माझी उद्याची आंघोळ.
गॅसवर ठेवलं, उकळी फुटली,
आणि पातेलं धरून फाटकात उभा राहिलो,
उद्याची आंघोळ किड्यांना घालू का
म्हणून हिशोब करत.

भिंतीवरून शहेनाजआपा ओरडल्या,
“कायकू पानी बरबाद करते भाईसाब?
मेरी मुर्ग्यां कब काम आतीं?”

काठीनं डबा आडवा केला.
सात कोंबड्या आल्या, त्यातली एक मान उघडी असलेली,
ती सगळ्यांत पुढं.
काय वेचत होत्या!
चिमटा असा चालला पाहिजे.
एकही दोनदा टोचावा लागला नाही.
मी नकळत मोजायला लागलो
आणि साठाच्या पुढं चुकलो.

कोया उरल्या, हाडं उरली,
ती लिंबामागं खड्डा करून पुरली.
अर्धं पातेलं ड्रमला, वरून चुना.
उरलेल्या पाण्यात मी
हात धुतले कोपरापर्यंत, जुन्या पद्धतीनं,
नखाखाली, बोटांच्या बेचक्यात,
डॉक्टर उभे असल्यासारखे.

तिसऱ्या दिवशी आपांच्या नातवानं
वाटीत दोन अंडी आणून दिली.
अजून कोमट होती.
ओट्यावर ठेवून बराच वेळ बघत बसलो.
मग तवा ठेवला.
बलक गर्द पिवळा, जवळजवळ केशरी.
मीठ टाकलं, थोडं तिखट.

आणि मी जेवलो.

टरफलं पिशवीत. गाठ मारली, वर आणखी एक.
फरशी नीट बसवून
कडेनं बोट फिरवून बघितलं, फट कुठं राहिली का.
फरशीवर एक हिरवी माशी बसली होती, उन्हात.
हात हलवला तर उडाली
आणि लिंबाच्या बुंध्यावर जाऊन बसली.
तिला काही घाई नव्हती.